लेकरांचे जुलाब व दातांवरील खोटा आळ



आठ-नऊ महिन्यांच्या लेकरास जुलाब सुरू झाले आणि त्याचे कारण घरात विचारले, म्हणजे चार उत्तरे ठरलेली असतात. आजी म्हणते, दात येत आहेत, दातांचे जुलाब व्हायचेच. शेजारीण म्हणते, कोणाची तरी दृष्ट लागली. सुईण म्हणते, टाळू खाली बसली आहे, ती वर उचलली पाहिजे. आणि बाप म्हणतो, आईने काहीतरी भलतेसलते खाल्ले, ते दुधातून उतरले. या चारही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकी कोणतेही खरे मानले, तरी घरात, अंगणात किंवा पाणवठ्यावर कोणास काहीएक बदलावे लागत नाही. म्हणूनच ती पिढ्यानपिढ्या टिकून राहिली असावीत, असे आम्हांस वाटते.

आपल्या मंडळ्यांतील उपदेशक बंधू घरोघर जातात, आजाऱ्यांस भेटतात, आणि कित्येकदा फार लहान पेटीमागून चालत जाण्याचा प्रसंगही त्यांजवर येतो. त्यांस व घरच्या वडीलधाऱ्यांस या रोगाची खरी कारणे ठाऊक असावीत, यास्तव हा पाठ लिहिला आहे. विषय शौचाचा असल्यामुळे काही शब्द उघड वापरावे लागतील. त्याचा संकोच वाचकांनी धरू नये. संकोचानेच या रोगाला पुष्कळ आसरा दिला आहे.

प्रथम रोगाचे प्रमाण पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दिलेल्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४४ हजार मुले अतिसाराने मरतात. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, विचारणेपूर्वीच्या केवळ दोन आठवड्यांत शंभरांपैकी सुमारे सात मुलांस जुलाब झाले होते. हे एका पंधरवड्याचे मोजमाप होय. असे पंधरवडे वर्षात सव्वीस येतात.

अतिसार कशास म्हणावे हेही ठरविले पाहिजे. एका दिवसरात्रीत तीन किंवा अधिक वेळा पातळ, पाण्यासारखे शौच झाले, तर तो अतिसार होय. केवळ अंगावर पिणारे तान्हे मूल दिवसातून अनेकदा मऊ, पिवळसर शौच करते, ते त्याचे नेहमीचेच असते आणि त्यास औषध नको. आईस आपल्या मुलाची रोजची रीत माहीत असते. त्या रीतीहून पातळ व अधिक वेळा झाले, की सावध व्हावे.

आता दातांचा खटला घेऊ. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिर करते, इतके खरे आहे. परंतु दात आतड्यात उगवत नाहीत, आणि हिरडीच्या दुखण्याने पाण्यासारखे जुलाब होण्याचे कारण नाही. मग आजीचा अनुभव खोटा आहे काय? तसेही नाही. दात आणि जुलाब एकाच सुमारास येतात, हे तिने बरोबर पाहिले आहे. फक्त त्या दोहोंची सांगड तिने चुकीची घातली. सहा महिन्यांपासून पुढे एकदम तीन गोष्टी घडू लागतात. आईच्या पोटातून मिळालेली रोगप्रतिकाराची पुंजी सरत येते. दुधाखेरीज पेज, भात, वरण असे वरचे अन्न सुरू होते. आणि मूल रांगू लागते. म्हणजे जमिनीवर जे जे पडले असेल ते ते त्याच्या हातास लागते, व हातास लागलेले तोंडात जाते. शिवशिवणाऱ्या हिरड्यांमुळे तर ते दिसेल ती वस्तू चावते. म्हणून जन्मापासूनच्या सर्व काळात सहा महिने ते दोन वर्षे हाच काळ जुलाबांचा सर्वांत मोठा असतो. चोरी झाली त्या वेळी दात दारात उभे होते, एवढाच त्यांचा अपराध.

खरा चोर कोण, हे आता सांगतो. बहुतेक सर्व अतिसार हा एका माणसाची विष्ठा दुसऱ्याच्या तोंडात गेल्याने होतो. वाक्य ऐकण्यास घाण वाटते, परंतु याहून सौम्य शब्दांत सांगितले तर ते खोटे होईल. ती विष्ठा डोळ्यांस दिसत नाही, तिचा वास येत नाही, तिची चव लागत नाही. पण तिच्यातील जंतू जिवंत असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आफ्रिका व आशिया येथील सात ठिकाणच्या हजारो लहान मुलांची विष्ठा तपासण्यात आली; त्या सातांत आपले कोलकाताही होते. मध्यम व तीव्र अतिसारामागे मुख्यत्वे चार जंतू आढळले. रोटा नावाचा विषाणू, शिगेला, ई. कोलाय या जंतूची एक विषारी जात, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म जीव. नावे पाठ करण्याची गरज नाही. त्यांतील शिगेलाविषयी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आव व रक्त पाडणाऱ्या या रोगास दहा ते शंभर जंतूदेखील पुरे होतात. नखाखालच्या मळात त्याहून कितीतरी अधिक मावतात.

हे जंतू तोंडापर्यंत पोहोचतात कसे? वाटा पाच आहेत: बोटे, माश्या, पाणी, अन्न आणि जमीन. या सर्व वाटा ज्या एका ठिकाणाहून निघतात, त्याविषयी आम्ही सविस्तर लिहिणार आहोत, कारण त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ते ठिकाण म्हणजे घरातील लहान मुलाचीच शी होय.

मोठ्या माणसाच्या विष्ठेची किळस सर्वांस येते. परंतु बाळाची शी म्हणजे जणू काही घाणच नव्हे, असा समज शहरात आणि खेड्यात सारखाच पसरलेला आहे. अन्न खात नाही, दूध पिते, त्याची कसली घाण, असे म्हणतात. मूल अंगणात बसते. आई राख किंवा माती टाकून ते उचलते आणि उकिरड्यावर फेकते. कधी कुत्रे येऊन चाटून जाते आणि काम झाले असे समजतात. दुपटे मोरीत धुतात व त्याच मोरीत भांडी घासतात. खरा प्रकार याच्या उलट आहे. जुलाब लहान मुलांसच अधिक होतात, म्हणून त्यांच्या विष्ठेत रोगाचे जंतू मोठ्यांच्या विष्ठेहून अधिक असण्याचा संभव आहे. रोटा विषाणूचा जुलाब झालेल्या मुलाच्या चमचाभर विष्ठेत अब्जावधी विषाणू असतात. शिवाय मोठे माणूस घरापासून दूर जाते, आणि मूल बसते ते चुलीपासून दहा पावलांवर, जेथे त्याचे धाकटे भावंड रांगत असते. ज्या घरी शौचकूप आहे तेथे बाळाची शी त्यातच टाकावी. नसेल तर खोल खड्डा करून पुरावी. दुपटी धुतलेले पाणीही तेथेच ओतावे.

शौचकूप बांधला की काम झाले, असेही कोणी समजू नये. ओडिशातील पुरी जिल्ह्यात १०० खेड्यांत याची मोठी परीक्षा करण्यात आली, आणि तिचा निर्णय २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या गावांत शौचकूप बांधण्याची मोहीम झाली, व तेथे ते असलेल्या घरांचे प्रमाण शंभरांत नऊवरून त्रेसष्टपर्यंत चढले. तरीही मुलांचे जुलाब कमी झाले नाहीत. कारण काही घरे राहून गेली, आणि ज्यांच्या घरी शौचकूप झाला त्यांतीलही पुष्कळजण पूर्वीप्रमाणे शेतातच जात राहिले. यावरून शौचकूप निरुपयोगी आहेत असा अर्थ कोणी काढला, तर तो चूक ठरेल. अर्ध्या गावाने बंद केलेली वाट ही उघडीच वाट होय, असा त्याचा अर्थ आहे. शेजाऱ्याच्या आवारातील माशीस आपल्या घराचा उंबरा अडवीत नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे कोणी सांगितलेच नाही, असे नाही. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, आणि त्यांच्या नावाने सरकारने २००० साली ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. रस्ते झाडले गेले, बक्षिसेही वाटली गेली. तथापि रस्ता झाडणे हे एक, आणि बाळाचा पार्श्वभाग धुतल्यावर त्याच हाताने पीठ मळण्यापूर्वी साबण घेणे हे दुसरे. दुसऱ्यास बक्षीस नाही, व ते कोणास दिसतही नाही.

हातास पाणी लावणे म्हणजे हात धुणे नव्हे. नुसत्या पाण्याने हात ओला होतो, चिकटलेले जंतू पुरते निघत नाहीत. साबणाने हात धुण्याची सवय लावली असता मुलांचे जुलाब सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, असे निरनिराळ्या देशांतील अनेक परीक्षा एकत्र करून पाहता आढळले आहे. कपडे धुण्याचा साबण असला तरी चालतो. महाग वडी पाहिजेच असे नाही. शौचाहून आल्यावर, मुलास धुतल्यावर, स्वयंपाकास बसण्यापूर्वी, आणि मुलास भरविण्यापूर्वी असे चार वेळा हात धुतले पाहिजेत. येथे एक गोष्ट घरच्या पुरुषांस सांगितली पाहिजे. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईने एक तांब्या हात धुण्यावर खर्च करावा की स्वयंपाकासाठी राखावा, हा प्रश्न तिच्यापुढे रोज उभा असतो. तिने तो स्वयंपाकासाठी राखला, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार त्या घरात कधी हंडा न उचललेल्या माणसास नाही.

पाण्याविषयी लोकांस पुष्कळ ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. विहिरीस कठडा नसला, काठावर धुणे व आंघोळी होत असल्या, पोहरा जमिनीवर ठेवून पुन्हा आत सोडला जात असला, तर पहिल्या पावसाबरोबर शिवारातील घाण त्या विहिरीत उतरणारच. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी पिऊन अतिसाराची साथ पसरली. अशा वेळी ग्रामपंचायतीकडील टी.सी.एल. पूड विहिरीत वेळेवर व मापाने पडते की नाही, हे गावातील कोणीतरी जातीने पाहिले पाहिजे. परंतु जेथे विहीर शुद्ध आहे तेथेही पाणी घरी आल्यावर नासते, हे फार थोड्यांस माहीत असते. रांजणात वाटी बुडविणारा हात धुतलेला नसला, तर सगळा रांजण नासला. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, भांड्यावर झाकण असावे, आणि मुलाचे पाणी उकळून गार करावे.

अन्नाचा विषय याहून नाजूक आहे. पहाटे बाई पेज करते, वाटीभर झाकून ठेवते आणि मजुरीस निघून जाते. मागे सात-आठ वर्षांची बहीण बाळास सांभाळते व दुपारी ती पेज भरविते. कोमट, मऊ, ओलसर पेज ही जंतूंस पेरलेल्या रानासारखी असते. उबेत ई. कोलायसारखा जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असा हिशेब वाचकांनी स्वतः मांडून पाहावा. एका जंतूचे चार तासांत चार हजारांहून अधिक होतात. म्हणून मुलाचे अन्न ताजे करावे, आणि ठेवावेच लागले तर भरविण्यापूर्वी वाफ येईपर्यंत पुन्हा तापवून मग निववावे. सात वर्षांच्या मुलीकडून चूल पेटविण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. तेव्हा अंगणवाडी, शेजारची म्हातारी, किंवा कामावरून मध्ये एकदा घरी येण्याची सवड, यांपैकी काही योजना करता येते की काय, हे घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे.

कोंबड्यांविषयीही दोन शब्द लिहितो. घरात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या विष्ठेतही जुलाब करणारे जंतू असतात, आणि रांगणाऱ्या मुलास कोंबडीची विष्ठा व चिखल यांतील भेद कळत नाही. कोंबड्या पाळू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. अंडे मुलाच्या पोटात गेलेले चांगलेच. त्यांस खुराड्यात ठेवावे व मुलास स्वच्छ गोधडीवर बसवावे, एवढेच.

आता दुसरा भाग. एकाच वाड्यात, एकाच विहिरीवर वाढणाऱ्या दोन मुलांस जुलाब होतात. एक चार दिवसांत खेळू लागते आणि दुसरे जाते. हा फरक कोठून येतो?

पहिला फरक आईच्या दुधाचा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत मुलास आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये. या वयात ज्यास आईचे दूध मुळीच मिळत नाही, त्या मुलास अतिसाराने मरण येण्याचे भय केवळ दुधावर असलेल्या मुलाच्या दहापटींहून अधिक असते. याची कारणे दोन. आईचे दूध कोणत्याही घाणेरड्या वाटेने येत नाही. आणि त्यात रोगाशी झुंजणारी द्रव्येही असतात. आईने खाल्लेल्या अन्नाने मुलास जुलाब लागतात, हा समज टाकून द्यावा. त्यापायी बाळंतिणीस उपाशी ठेवणारी घरे आईस अशक्त करतात, आणि दोष तिच्याच माथी मारतात. वर सांगितलेल्या पाहणीत आपल्या देशात सहा महिन्यांखालील शंभरांपैकी सुमारे चौसष्ट मुले केवळ आईच्या दुधावर होती. उरलेल्या छत्तीसांच्या पोटात काय गेले? कोठे मध, कोठे सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, कोठे साखरपाणी, कोठे गाईचे पाणी घातलेले दूध. ती सहाण कोणी उकळते काय? बोट कोणी धुते काय? प्रेमाने दिलेले हे पहिले चाटण पुष्कळदा जंतूंची पहिली भेट ठरते.

दुधाची बाटली ही त्याहून वाईट. तिची रबरी निपल व तिचा गळा नीट धुता येत नाही. धुण्यास ब्रश, उकळण्यास सरपण व वेळ लागतो, आणि तिन्ही गोष्टी गरिबाच्या घरी एकत्र सापडत नाहीत. आई नसल्यास किंवा वैद्याने सांगितल्यास वरचे दूध द्यावेच लागेल. तेव्हा वाटी-चमचा घ्यावा, अथवा आपले जुने बोंडले घ्यावे. बोंडले उघडे असते, घासता येते, उकळत्या पाण्यात टाकता येते. या बाबतीत आपल्या पणज्या बाजारातील बाटलीहून शहाण्या होत्या.

दुसरा फरक अंगातील ताकदीचा. रोडावलेल्या मुलास जुलाब अधिक दिवस राहतात. जुलाबाने ते आणखी रोडावते. आणि रोडावल्यामुळे पुढचा जुलाब लवकर येतो. पावसाळ्यात तीनदा जुलाब झालेले मूल दिवाळीस पाहावे, म्हणजे हे चक्र डोळ्यांस दिसते. आम्ही वर ज्या २०१३ सालच्या पाहणीचा उल्लेख केला, तीत असे आढळले की, मध्यम किंवा तीव्र अतिसार झालेल्या मुलांस पुढील दोन महिन्यांत मरणाचे भय इतर मुलांच्या सुमारे साडेआठपट होते, आणि निम्म्याहून अधिक मृत्यू दवाखान्याबाहेर झाले. म्हणजे जुलाब थांबले, घरी आले, आता चिंता नाही, असे समजणे घातक आहे. गोवर येऊन गेल्यावर होणारे जुलाबही असेच जबर असतात. नऊ महिने पूर्ण होताच व पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास गोवराची लस टोचून घेणे आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस चुकू न देणे हे जुलाबावरचेही औषध होय.

सर्व स्वच्छता पाळूनही एक शत्रू आत शिरतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो रोटा विषाणू. १९७३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे रूथ बिशप या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्यात तो शोधून काढला. तो चाकासारखा दिसतो, म्हणून चाक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. श्रीमंतांच्या चकचकीत घरांतही तो मुलांस गाठतो, आणि आपल्याकडे त्याचा जोर पावसाळ्याहून थंडीच्या दिवसांत अधिक असतो. लस सुरू होण्यापूर्वी जुलाबामुळे रुग्णालयात ठेवाव्या लागणाऱ्या आपल्या देशातील लहान मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांस याच विषाणूची बाधा असे. दिल्लीत एका नवजात बालकाकडून मिळालेल्या सौम्य विषाणूपासून आपल्या देशातच एक लस तयार झाली. २०१६ साली रोटाची लस चार राज्यांत सरकारी लसीकरणात आली, व २०१९ साली महाराष्ट्रातही आली. ती तोंडाने देतात. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ती फुकट मिळते. या लसीने सर्व जुलाब टळत नाहीत, म्हणून पुढे कधी जुलाब झाले तर लस फसली, असे म्हणून इतरांस परावृत्त करू नये.

शेवटचा फरक सर्वांत दुःखाचा आहे, कारण तो आपण आपल्या हाताने घडवून आणतो. जुलाब लागले की मुलाचे पाणी तोडतात. वरून घातले की खालून जाते, असे म्हणतात. परंतु मूल मरते ते जंतूने थोडे, अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने फार. टाळू खाली बसते ती याच कारणाने. ती रोगाचे कारण नव्हे, तर मुलाचे अंग कोरडे पडत असल्याची खूण आहे, आणि टाळूवर तेल थापून किंवा मूल उलटे धरून ती वर येणार नाही. पोटात पाणी गेले म्हणजेच येईल. डोळे खोल जाणे, रडताना आसू न येणे, लघवी कमी होणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता हळूहळू बसणे, याही त्याच खुणा होत. मूल निपचित पडले, पाणी पिईना, ओकाऱ्या थांबेनात किंवा शौचातून रक्त गेले, तर वाटेत पाणी पाजीत तत्काळ दवाखाना गाठावा. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या लहान मुलास कदापि देऊ नयेत.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे सलाईन पुरेना, आणि रोगी जमिनीवर पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून ठेवले व नातेवाइकांच्याच हातून रोग्यांस पाजविले. शंभरांत सुमारे तीस मरत होते, ते प्रमाण चारांच्याही खाली आले. हीच आज आपल्या उपकेंद्रातून मिळणारी जलसंजीवनी. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. आपल्या खेड्यांत त्यांचे नाव कोणास माहीत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पुडी पूर्ण घालावी. अर्धी पुडी किंवा कमी पाणी असे आपल्या मनाने करू नये. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. दृष्ट काढण्याची चाल आपल्या मंडळ्यांतून अगदीच गेली आहे असे नाही. निदान ते मीठ चुलीत न टाकता मापाने या पाण्यात टाकावे, म्हणजे कामी येईल.

प्रत्येक जुलाबानंतर हे पाणी चमच्या-चमच्याने पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा आरंभ करावा. अंगावरचे दूध तोडू नये, आणि मोठ्या मुलाचे अन्नही बंद करू नये. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे. आशाताईंकडून झिंकची गोळी मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या मुलास अर्धी व त्यापुढे एक, पाण्यात किंवा दुधात विरघळवून, चौदा दिवस द्यावी. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले, तरी उरलेल्या अकरा गोळ्या फडताळात पडून राहता कामा नयेत.